पाचशे टन उतरवल्यावर ऐरावताचं काय होणार?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तुमच्या विज्ञानकथेत ‘ऐरावत’ नावाची, अवजड माल वाहणारी एअरशिप आहे. मुंबई बंदरात उतरलेलं ५०० टनांचं एक यंत्र ती उचलते, घाट ओलांडते आणि लातूरच्या पलीकडे एका माळावर नेऊन ठेवते, कारण तेवढं ओझं पेलेल असा रस्ता किंवा पूल वाटेत नाही. तुम्हाला विचारायचंय ते असं: या ऐरावताच्या रचनेचं मूळ खऱ्या जगातल्या कुठल्या जहाजात दाखवावं, तो १९३७ मध्ये जळालेल्या हिंडेनबर्ग या जर्मन एअरशिपसारखा दिसला तर चालेल का, आणि पोटात हेलियम भरायचा की हायड्रोजन.

नाव फार सुंदर निवडलंत. ऐरावताला अभ्रमातंग असंही म्हणतात, ढगांतला हत्ती. ४०० मीटर लांबीच्या एअरशिपचं याहून नेमकं वर्णन मला सुचणार नाही. लांबी ४०० मीटर का, ते पुढे सांगतो.

माझी पंचवीस वर्षं दोराने बांधलेल्या फुग्यांबरोबर गेली. आमच्याकडे त्यांना एरोस्टॅट म्हणतात: पोटात हेलियम, पोटाखाली कॅमेरा किंवा रडार, आणि जमिनीवर दोर सोडणारी-ओढणारी विंच. मोकळी उडणारी मोठी एअरशिप मी कधी हाताळलेली नाही. पण वजनाचा आणि उचलीचा हिशोब दोघांचा एकच, आणि तुमची कथा नेमकी त्या हिशोबापाशी अडते.

तुमच्या मसुद्यात ओळ आहे: ‘यंत्र जमिनीला टेकलं, साखळ्या सुटल्या आणि ऐरावत संथपणे माघारी वळला.’ साखळ्या सुटल्यावर ऐरावत वळणार नाही. तो सुटलेल्या बुचासारखा वर जाईल. ट्रकमधला माल उतरला की ट्रक हलका होतो, एवढंच. विमानाचंही तसंच. कोकणातले जुने तांडेल रिकामं गलबत कलंडू नये म्हणून तळाशी दगड-वाळूचं नीरम भरत, पण गलबत रिकामं झालं म्हणून काही समुद्र सोडून उडत नाही. एअरशिप हवेत तरंगते ती वजन आणि उचल बरोब्बर सारखी असतात म्हणून. त्यातलं ५०० टन वजन एका क्षणात काढलंत, तर ५०० टन उचल मोकाट सुटते. जहाज वर जातं, वर हवा विरळ, त्यामुळे आतला वायू फुगतो, झडपा उघडतात, आणि झडपा कमी पडल्या तर आवरण फाटतं.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. एका पहाटे आम्ही तीनेकशे घनमीटरचा छोटा फुगा चाचणीसाठी बाहेर काढला होता. खाली साठ किलोचा कॅमेरा लावलेला. तो काढून दुसरा लावायचा होता. पद्धत अशी की आधी कड्याला वाळूची पोती अडकवायची, प्रत्येक पोत्यावर वजन रंगवलेलं असतं, आणि मगच कॅमेऱ्याची पिन ओढायची. त्या दिवशी क्रम उलटा झाला. पोती अजून हातगाडीवर होती आणि पिन निघाली. आवाज काहीच झाला नाही. फुगा फक्त वर गेला, आणि नाकाचा दोर धरलेल्या आमच्या मदतनिसाच्या चामडी हातमोज्यातून दोर असा सरकला की मोज्याच्या तळव्यावर काळा पट्टा उमटला. त्याने वेळेवर हात सोडला म्हणून बरं. मुख्य दोर ताणला गेला तेव्हा विंचचा सगळा चबुतरा हादरला. साठ किलो म्हणजे एका माणसाचं वजन. त्या मोज्याचा जळका वास अजून माझ्या नाकात आहे, आणि तुमच्या ओळीतले ५०० टन वाचताना पहिल्यांदा तोच आठवला.

आता ५०० टन म्हणजे किती, ते आपल्याकडच्या मापाने सांगतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे गेली, जलदूत. दहा वाघिणी, प्रत्येकीत साधारण ५० हजार लिटर, म्हणजे एकूण पाच लाख लिटर. पाच लाख लिटर पाणी म्हणजे बरोबर ५०० टन. ऐरावताने यंत्र खाली ठेवलं, की तेवढ्याच वजनाचं काहीतरी त्याला त्याच जागी, त्याच वेळी पोटात घ्यावं लागेल. एक अख्खी जलदूत.

माल वाहणाऱ्या एअरशिपचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास म्हणजे ‘वजन गेलं की काय करायचं’ या एका प्रश्नाला दिलेली वेगवेगळी उत्तरं आहेत. म्हणून ऐरावताचं कूळ शोधायचं तर आकार बघू नका, त्याच्या पूर्वजाने या प्रश्नाला काय उत्तर दिलं ते बघा.

सगळ्यात जुनं उत्तर मला सगळ्यात हृदयस्पर्शी वाटतं. नोव्हेंबर १९१७ मध्ये जर्मन नौदलाचं एल ५९ हे झेपेलिन, म्हणजे ताठ सांगाड्याची एअरशिप, बल्गेरियातल्या यांबोलहून निघालं. पूर्व आफ्रिकेत कोंडीत सापडलेल्या जर्मन फौजेला पंधरा टनांच्या आसपास रसद पोचवायची होती: दारूगोळा, औषधं, मलमपट्ट्या. परत यायला तिथे हायड्रोजन मिळणार नाही हे निघतानाच माहीत होतं. म्हणून जहाजच असं बांधलं की पोचल्यावर ते मोडून वापरायचं. बाहेरच्या कापडाचे तंबू, आतल्या मलमलीच्या पट्ट्या, फिरण्याच्या फळीवर चामडं घातलेलं, त्याचे बूट, आणि सांगाड्याच्या धातूचे बिनतारी संदेशाचे खांब. परतीच्या वजनाचा प्रश्नच त्यांनी काढून टाकला होता, कारण परतीच नव्हती. सुदानपर्यंत गेल्यावर बिनतारीने परत फिरण्याचा हुकूम आला आणि ते रसद पोटात घेऊनच मागे वळलं. ९५ तास, ६,७५७ किलोमीटर, मध्ये एकदाही न उतरता. वाळवंटात दिवसा वायू उन्हाने फुगायचा आणि रात्री आक्रसायचा, त्यामुळे ते कधी वर ओढलं जायचं तर कधी खाली बसायचं. पुढे एप्रिल १९१८ मध्ये ओट्रांटोच्या सामुद्रधुनीवर ते जळून पडलं, कुणीही वाचलं नाही. तुमच्या कथेत ऐरावताच्या आराखड्याच्या खोलीत एखादं चित्र भिंतीवर लावायचं असेल, तर ते एल ५९ चं लावा. मालासाठी घडवलेल्या मोठ्या एअरशिपची गोष्ट तिथून सुरू होते.

प्रवासी एअरशिपमध्ये हाच प्रश्न इंधनाच्या रूपाने येतो, कारण जळालेलं इंधन म्हणजेही गेलेलं वजन. १९२८ च्या ग्राफ झेपेलिनने त्यावर इतकं सुबक उत्तर काढलं की मी आजही नव्या मुलांना तेच आधी शिकवतो. त्याची इंजिनं ब्लाऊ गॅसवर चालत आणि त्या गॅसची घनता हवेच्या जवळपास असते. गॅस जळाला, त्याची जागा हवेने घेतली, तोल जवळजवळ जिथल्या तिथे. अमेरिकन नौदलाच्या ॲक्रन आणि मेकन या एअरशिपांमध्ये महागडा हेलियम होता, तो सोडून देणं परवडणारं नव्हतं. म्हणून इंजिनांच्या धुरातली वाफ थंड करून पाणी साठवत. जुन्या छायाचित्रांत त्यांच्या अंगावर प्रत्येक पंख्याच्या वर काळे उभे पट्टे दिसतात, तेच ते पाणी गोळा करणारे संच. बऱ्याच चित्रकारांना ती खिडक्यांची रांग वाटते. तुमच्या मुखपृष्ठावर तशी चूक होऊ देऊ नका.

मालाच्या बाबतीत मात्र हे दोन्ही उपाय तोकडे पडतात. इंधन तासातासाने कमी होतं, माल एका क्षणात.

१९८० च्या दशकात अमेरिकेच्या वनखात्याला डोंगरातली तोडलेली झाडं रस्ता न करता बाहेर काढायची होती. त्यांच्यासाठी पियासेकी कंपनीने हेलिस्टॅट बांधलं. नौदलाच्या जुन्या ब्लिंपचं, म्हणजे सांगाडा नसलेल्या एअरशिपचं, शंभर मीटरांहून लांब आवरण, आणि त्याखाली नळ्यांच्या सांगाड्याला जोडलेली चार एच-३४ हेलिकॉप्टरं. कल्पना अशी की हेलियमने फक्त यंत्राचं स्वतःचं वजन उचलायचं आणि मालाचं वजन पंख्यांनी. माल सुटला की वैमानिकाने पंख्यांचा जोर कमी करायचा, बस. माझ्या मते वजनाच्या प्रश्नाला दिलेलं हे सगळ्यात प्रामाणिक उत्तर आहे. पण १ जुलै १९८६ ला अमेरिकेतल्या लेकहर्स्टला, ज्या मैदानावर हिंडेनबर्ग जळालं होतं तिथेच, उतरल्यावर चाकं जोराने थरथरू लागली, तो हादरा सांगाड्यात भिनला आणि हेलिकॉप्टरं एकेक करून तुटून पडली. एका वैमानिकाचा जीव गेला. कल्पना हरली नव्हती, जोड हरले होते. ५०० टनांसाठी मात्र एवढे पंखे आणि एवढं इंधन लागेल की एअरशिप कशाला केली असं वाटावं, म्हणून ऐरावताचे पूर्वज म्हणून मी हे सुचवणार नाही. त्याचा दूरचा काका म्हणून जरूर घ्या.

मग आली संकरित जहाजं. जानेवारी २००६ मध्ये लॉकहीडचं पी-७९१ उडालं, २०१२ मध्ये लेकहर्स्टला अमेरिकन लष्करासाठी बांधलेलं एचएव्ही ३०४ उडालं, आणि तेच पुढे इंग्लंडला परत जाऊन एअरलँडर १० झालं. ९२ मीटर लांब, ३८ हजार घनमीटर. ही जहाजं मुळातच हवेपेक्षा थोडी जड असतात. बरीचशी उचल हेलियमची आणि उरलेली, चपट्या अंगावरून वारा वाहतो त्याची. माल उतरवला तरी ती जमिनीवर बसून राहू शकतात. पण ती उरलेली उचल मिळवायला पुढे पळावं लागतं, म्हणजे मोकळं मैदान हवं. माळावर एका जागी थांबून ५०० टन अलगद खाली सोडणं हे त्यांचं काम नव्हे.

वायू दाबून टाक्यांत भरण्याची युक्तीही लोक सुचवतात: हेलियम दाबला, त्याच्या जागी हवा आत घेतली, जहाज जड झालं. कथेत ती फार मोहक दिसते. हिशोब करून बघा. एक टन उचल घालवायला सुमारे हजार घनमीटर हेलियम दाबावा लागतो. ५०० टनांसाठी पाच लाख घनमीटर. तेवढ्या दाबाच्या टाक्या, तेवढे पंप, त्यांचं वजन, आणि हे सगळं माल सुटायच्या आत पूर्ण. छोट्या प्रमाणात, तोल बारीक जुळवायला मी ती युक्ती मान्य करेन. मुख्य उपाय म्हणून नाही.

आता तुमच्या प्रश्नाचं माझं खरं उत्तर. ऐरावताचा बाप सीएल १६० आहे.

१९९६ मध्ये जर्मनीत कार्गोलिफ्टर नावाची कंपनी उभी राहिली. तिच्यामागची गरज तुमच्या कथेतलीच होती: अवजड यंत्रं बांधणाऱ्या कारखान्यांना आपली यंत्रं तुकडे न करता, पूल आणि बोगद्यांची मापं न बघता हलवायची होती. त्यांच्या सीएल १६० चा आराखडा होता २६० मीटर लांब, ६५ मीटर व्यासाचा, साडेपाच लाख घनमीटर हेलियमचा, १६० टन माल वाहणारा. माल उतरवायची पद्धत त्यांनी अशी ठरवली होती की जहाज उतरणारच नाही. ते शंभरेक मीटर उंचीवर थांबेल. खाली एक मोठी चौकट सोडली जाईल, ती दोरांनी जमिनीला पक्की बांधली जाईल, मग माल चौकटीसकट खाली येईल. माल टेकला की तेवढ्याच वजनाचं पाणी वर चढवायचं आणि मगच माल सोडायचा. आमच्या वाळूच्या पोत्यांचीच पद्धत, फक्त काही हजार पटीने मोठी.

बर्लिनच्या दक्षिणेला ब्रांड इथे, जुन्या सोव्हिएत विमानतळावर, त्यांनी त्यासाठी ३६० मीटर लांब, २१० मीटर रुंद आणि १०७ मीटर उंच शेड उभारली, मध्ये एकही खांब नाही. २००० साली ती पुरी झाली. जून २००२ मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं. हजारो सामान्य जर्मन भागधारकांचे पैसे गेले आणि सीएल १६० कधी बांधलंच गेलं नाही. त्याच वर्षी जुलैच्या वादळात त्यांचा ७५ टन उचलण्यासाठी केलेला गोल फुगाही नष्ट झाला. २००४ पासून त्या शेडमध्ये कृत्रिम किनारा आणि पोहण्याचे तलाव आहेत. त्या इमारतीचे फोटो बघताना मला आजही वाईट वाटतं, कारण वजनाच्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी बरोबर काढलं होतं. एवढं मोठं जहाज बांधण्याआधी मधली पायरी म्हणून मधल्या आकाराचं, लहान मालाचं जहाज उडवून बघायला हवं होतं, असं माझं मत आहे. त्यांनी उडवलेलं जोई हे नमुना-जहाज फक्त ३२ मीटरांचं होतं. बत्तीसवरून २६० वर उडी फार मोठी झाली.

हाच वारसा आज फ्रान्समध्ये फ्लाइंग व्हेल्सच्या आराखड्यात दिसतो: २०० मीटर लांब, ६० टन माल, आणि तो हवेत थांबूनच चढवायचा-उतरवायचा. त्याची सुरुवातही तिथल्या वनखात्याला डोंगरउतारावरची लाकडं बाहेर काढायची होती, त्यातून झाली. अमेरिका काय आणि फ्रान्स काय, ही जहाजं जन्मतात ती रस्ता संपतो तिथे. तुमच्या माळाचं कारण त्यामुळे अगदी सच्चं वाटतं.

आता आकार. सीएल १६० ची उचल ढोबळमानाने दर घनमीटरला एक किलो, म्हणजे साडेपाचशे टन, आणि त्यातले १६० टन मालाचे. याच प्रमाणात ५०० टन मालाला १७ लाख घनमीटरच्या आसपास वायू लागेल. पण हे समुद्रसपाटीला, पंधरा अंश तापमानाला. पाठ्यपुस्तकातली हवा दर घनमीटरला १.२२५ किलो भरते. लातूर समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरांहून उंच, आणि मे महिन्यात दुपारी पारा ४२ वर. तिथे तीच हवा साधारण १.०४ किलो भरते. म्हणजे उचल १५ टक्क्यांनी कमी! उन्हाळी दुपार तुमच्या जहाजाच्या मालातले अडीचशे टन खाऊन टाकते. मुंबईला पिशव्या काठोकाठ भरल्या तर घाट चढता चढता वायू बाहेर सोडावा लागेल, म्हणून बंदरातून निघताना त्या नऊ दशांशांहून कमीच भरलेल्या असायला हव्यात, उरलेल्या जागेत आतल्या वेगळ्या पिशव्यांमध्ये हवा. हे सगळं धरून मी २० लाख घनमीटर धरतो. बरोबर दहा हिंडेनबर्ग. सीएल १६० च्या बांध्यात बसवलं तर लांबी ४०० मीटर आणि व्यास १००. ब्रांडची ती शेडही याला आखूड पडेल.

हिंडेनबर्गचा आकार मात्र घेऊ नका, किंवा बाहेरून घ्या, आतून नको. झेपेलिनच्या सांगाड्यात उचल आणि वजन दोन्ही लांबीभर पसरलेली असत: इंधन, पाणी, खोल्या, इंजिनं, सगळं वाटून. तुमचं ५०० टनांचं यंत्र एकाच जागी लटकतंय. बाजेवर चार जण कडेला बसले तर सुंभ तसेच राहतात, एक जाडजूड माणूस मधोमध बसला की बाज खोल जाते. तसं जहाज मध्ये खाली वाकेल आणि टोकं वर उचलली जातील. वाकण्याने जहाज कसं तुटतं ते सप्टेंबर १९२५ मध्ये ओहायोवर दिसलं. शेनान्डोआ हे अमेरिकन नौदलाचं जहाज वादळी झोतात सापडून हवेतच मोडलं, १४ जण गेले. म्हणून ऐरावताला पोटाखालून टोकापासून टोकापर्यंत जाणारा भक्कम कणा द्या आणि माल त्या कण्याला टांगा. कणा ते वजन लांबीभर वाटेल, वर आवरण वायूच्या दाबाने ताठ राहील. सीएल १६० ची रचना अशीच अर्ध-ताठ होती.

वायूचं थोडक्यात. हायड्रोजन हेलियमपेक्षा जेमतेम आठ टक्के जास्त उचलतो. ऐरावताच्या आकारात ते सव्वाशे-दीडशे टन होतात, म्हणजे मोह पडण्याजोगे. हिंडेनबर्ग मुळात हेलियमसाठी आखलं होतं, पण अमेरिकेच्या कायद्याने हेलियमची निर्यात बंद होती, म्हणून त्यात हायड्रोजन भरला, आणि ६ मे १९३७ ला ते जळालं. अमेरिकेचे एअरशिपचे नियम आज न पेटणाराच वायू मागतात. मी हेलियम घेईन. पण त्याची किंमत कथेत दिसू द्या: जगात वर्षाला साधारण १७ कोटी घनमीटर हेलियम निघतो, म्हणजे एकटा ऐरावत जगाच्या वर्षभराच्या हेलियमपैकी एक टक्क्याहून जास्त पोटात घेऊन फिरतोय. असा वायू कुणी झडपेतून सहज सोडत नाही, आणि वजनाचा प्रश्न त्यामुळेच आणखी आवळतो. (एक जवळचा धागा: १८ ऑगस्ट १८६८ च्या ज्या खग्रास ग्रहणाशी हेलियमच्या शोधाची कथा जोडलेली आहे, त्याची सावली आपल्या विजयदुर्गावरून गेली होती. किल्ल्यात साहेबाचे कट्टे अजून दाखवतात, आणि तिथे १८ ऑगस्टला हेलियम दिन साजरा होतो. तुमच्या अभियंत्याला लहानपणी त्या कट्ट्यावर बसवायला हरकत नाही.)

आराखड्याला देशी मूळ हवंच असेल तर कराचीकडे बघा. ब्रिटिशांच्या आर १०१ या एअरशिपसाठी तिथे प्रचंड शेड बांधून तयार होती. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता. ५ ऑक्टोबर १९३० च्या पहाटे आर १०१ फ्रान्समध्ये बोव्हेजवळ कोसळून ४८ माणसं गेली, ब्रिटनने एअरशिप सोडून दिल्या, आणि कराचीची शेड वाट बघत राहिली. त्या शेडमध्ये काम करणारा एखादा मराठी फिटर आणि त्याच्या वहीतली रेखाटनं, एवढी कल्पना करायला तुम्ही मोकळे आहात. आणि आज विचाराल तर पवईच्या आयआयटीत हवेपेक्षा हलक्या यानांवर काम करणारी प्रयोगशाळा आहे, आग्र्याला डीआरडीओची एरोस्टॅट बनवणारी संस्था आहे. ऐरावताची माणसं आकाशातून पडलेली दाखवायची गरज नाही.

हवामानाकडे तुमच्या मसुद्यात दुर्लक्ष झालंय. आमच्या फुग्याखाली तणावमापक असायचा. पहाटे सहाला जो आकडा दिसे, तो ऊन चढल्यावर नऊ वाजेतो दहा-बारा किलोने वाढलेला असे, कुणी काही केलेलं नसताना. ऊन आवरणाला तापवतं, आतला वायू बाहेरच्या हवेपेक्षा गरम होतो. ऐरावतात दहा अंशांचा फरक पडला तर साठेक टन उचल फुकट वाढते, आणि संध्याकाळी सूर्य टेकला की तेवढीच नाहीशी होते. वाऱ्याचं आणखी वाईट. ताशी ३६ किलोमीटरचा वारा, ज्याला आपण काही विशेष म्हणत नाही, तो बाजूने आला तर माझ्या ढोबळ हिशोबाने ऐरावतावर ऐंशी-नव्वद टनांचा रेटा बसेल. म्हणून त्याचं तोंड कायम वाऱ्याकडे हवं, आणि वारा फिरला की त्यालाही गरगर फिरता आलं पाहिजे, खालचा माल मात्र स्थिर. टांगणीला फिरता जोड द्या. पावसात भिजलेलं आवरण सहज दहा टन पाणी अंगावर वागवेल. मी असतो तर जानेवारीतली पहाट निवडली असती: थंड, जड हवा, वारा पडलेला, ऊन अजून चढायचंय.

आता तुमच्या त्या ओळीकडे येतो, कारण तिथे तुमच्या कथेचा सगळ्यात मोठा प्रसंग दडलाय आणि तुम्ही तो एका वाक्यात सोडून दिलात. ऐरावताला यंत्राच्या बदल्यात पाच लाख लिटर पाणी लागणार, आणि ते तुम्ही लातूरकडे मागताय. ज्या गावाने पाण्याची रेल्वे येताना पाहिली, त्या गावाच्या तळ्यातून जलदूतभर पाणी वर जाताना लोक बघणार. कुणीतरी आडवं येईलच. सरपंच काय बोलेल, जहाजाचा कप्तान काय उत्तर देईल, मला माहीत नाही, पण ते संवाद मला वाचायचेत. पाण्याऐवजी दगड, मुरूम, खडी घेता येईल, पण ती सांडण्यासारखी नसते, आणि चढवायला वेळ फार. किंवा परतीचा माल: ५०० टन साखर. तसं ठरलं असेल तर ती आधी येऊन पडलेली हवी, वजनकाट्यावर मोजलेली.

पाणीच घेतलंत तर प्रसंग असा चालेल. यंत्र पायावर टेकलंय, साखळ्या अजून लावलेल्या आहेत आणि ताठ आहेत. या घडीला यंत्र हेच ऐरावताचं नांगर आहे. पाइप जोडले जातात. सेकंदाला शंभर लिटर चढले तरी जवळपास दीड तास लागतो. या दीड तासात ऊन चढतंय, म्हणजे उचल वाढतेय, म्हणजे ठरवल्यापेक्षा पाणी जास्त लागणार, आणि तळ्याच्या काठाची ओली रेघ खाली सरकताना सगळ्यांना दिसतेय. जसजसं पाणी वर जातं तसा साखळ्यांचा ताण उतरतो. पिन ओढायची वेळ घड्याळ सांगत नाही. जमिनीवरचा माणूस साखळीच्या कडीला हात लावून बघतो. ती हाताने हलली, खळखळ वाजली, की वजन जुळलं. चारी साखळ्या अशा हलवून बघायच्या, एकही ताठ असेल तर थांबायचं, आणि मग पिन.